मुक्कामाविना पाहुणा : थीम पार्कमधील सवलतींसाठी होणाऱ्या खोल्यांच्या आरक्षणाचा नीतिविचार

विकत घेतलेली वस्तू वापरावी की वापरू नये हे ठरविण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याचा असतो, हे तत्त्व दैनंदिन व्यवहारात सहसा कोणी नाकारीत नाही. नाटकाचे तिकीट काढून घरी बसणाऱ्यास कोणी अनीतिमान म्हणत नाही. फार तर उधळ्या म्हणतात. तथापि वस्तू एका हेतूने विकली जाते व दुसऱ्याच हेतूने घेतली जाते, आणि त्या वस्तूचा साठा मर्यादित असतो, तेव्हा या तत्त्वाची व्याप्ती किती, असा प्रश्न उद्भवतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराच्या परिसरात हा प्रश्न एका विशिष्ट रूपाने पुढे आला आहे. तेथील थीम पार्कच्या मालकीच्या किंवा त्यांच्याशी संलग्न असलेल्या हॉटेलांत खोली घ्यावयाची, तिचे भाडे भरावयाचे, परंतु तेथे झोपावयाचे नाही, केवळ खोलीबरोबर मिळणाऱ्या सवलती पदरात पाडून घ्यावयाच्या, अशी एक प्रथा तेथील प्रवाशांत रूढ झाली आहे. तिला बोलभाषेत 'थ्रोअवे रूम', म्हणजे टाकून द्यावयाची खोली, असे नावही मिळाले आहे. या प्रथेचे स्वरूप स्पष्ट करणे आणि तिच्यात नैतिक दोष असल्यास तो नेमका कोठे आहे हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. व्यवहाराचे स्वरूप

प्रथम युनिव्हर्सल ऑर्लँडोचे उदाहरण घेऊ. तेथील पोर्टोफिनो बे (१९९९), हार्ड रॉक (२००१) आणि रॉयल पॅसिफिक (२००२) या तीन हॉटेलांत नोंदल्या गेलेल्या प्रत्येक पाहुण्यास 'एक्स्प्रेस' नावाचा परवाना खोलीच्या भाड्यातच मिळतो. या परवान्यामुळे युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लॉरिडा व आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन उद्यानांतील बहुतेक खेळांच्या ठिकाणी सामान्य रांगेत उभे न राहता वेगळ्या, आखूड रांगेने आत जाता येते. २२ मे २०२५ रोजी उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानास ही सवलत लागू नाही. हाच परवाना वेगळाही विकत मिळतो, परंतु त्याची किंमत गर्दीप्रमाणे चढते.

या व्यवस्थेतील मर्माची गोष्ट अशी की, परवाना येण्याच्या दिवशी व जाण्याच्या दिवशी, दोन्ही दिवस चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवसांची सवलत मिळते, आणि ती खोलीत नोंदलेल्या सर्वांना मिळते. केवळ हिशेब समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. खोलीचे एका रात्रीचे भाडे ५०० डॉलर आहे आणि सुटा परवाना माणशी दररोज १५० डॉलर आहे असे मानले, तर चार जणांच्या कुटुंबास दोन दिवसांच्या परवान्यांसाठी १,२०० डॉलर मोजावे लागतील. खोली घेतल्यास तेच परवाने ५०० डॉलरांत मिळतील. ज्या कुटुंबाची राहण्याची सोय अन्यत्र स्वस्तात किंवा आप्तांच्या घरी झालेली आहे, त्यासही खोली घेणे लाभाचे ठरते. तेथे निजणे मात्र त्यास गैरसोयीचे असू शकते.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सवलतींचे स्वरूप निराळे आहे. तेथील हॉटेलांच्या पाहुण्यांस उद्यानात इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. जुलै २०२४ पासून 'लायटनिंग लेन' या सशुल्क वेगळ्या रांगेतील वेळ त्यांना सात दिवस आधी निवडता येते. बाहेरून येणाऱ्यांस ती तीन दिवस आधीच निवडता येते. तेथील फोर्ट वाइल्डरनेस या राहुट्यांच्या तळावरील एका जागेचे भाडे हॉटेलच्या खोलीपेक्षा सामान्यतः कमी असते, आणि एका जागेवर दहापर्यंत माणसांची नोंद होऊ शकते. साहजिकच राहुटी न ठोकता केवळ जागा घेऊन ठेवण्याची युक्ती तेथे सुचली.

२. सवलत खोलीशी जोडली जाण्याचे कारण

रांग आणि निद्रा यांचा स्वभावतः काही संबंध नाही. हा संबंध कंपन्यांनी जोडला, व तो जोडण्यामागे इतिहास आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यास लागून असलेले डिस्नेलँड हॉटेल दुसऱ्याच्या मालकीचे होते. ते डिस्ने कंपनीच्या हाती १९८८ साली आले. उद्यानाभोवती इतरांची हॉटेले उभी राहिली आणि उद्यानाने खेचून आणलेल्या प्रवाशांच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांना मिळू लागला. या अनुभवातून शहाणे होऊन कंपनीने फ्लॉरिडात सुमारे २७,००० एकर जमीन आधीच खरेदी केली, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथील उद्यान उघडले तेव्हा त्याबरोबर स्वतःची हॉटेलेही उघडली.

तथापि जमीन स्वतःची असली म्हणजे प्रवासी आपल्याच हॉटेलात उतरतो असे नाही. कुंपणाबाहेर स्वस्त खोल्या मिळत असतील तर त्यास आत आणण्यासाठी काही आमिष दाखवावे लागते. ते आमिष वेळेचे ठरले. कारण थीम पार्कमध्ये प्रवाशाजवळ सर्वांत तुटपुंजी वस्तू कोणती असेल तर ती वेळ होय. डिस्नेने १९९९ साली सुरू केलेली 'फास्टपास' पद्धत तिकीट काढलेल्या सर्वांस विनामूल्य उपलब्ध होती. २०२१ पासून तिच्या जागी पैसे देऊन घ्यावयाची सवलत आली. रांगेतील क्रम ही विक्रीची वस्तू झाल्यावर ती खोलीच्या भाड्यात गुंफणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती. मायकेल सँडेल यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या, पैशाने काय विकत घेऊ नये याची चर्चा करणाऱ्या ग्रंथात, आरंभीच रांग मोडण्याच्या विक्रीचा विचार केला असून थीम पार्कचा दाखलाही दिला आहे. पहिल्याने येणाऱ्यास पहिला मान हा रांगेचा नियम असतो. जास्त देणाऱ्यास पहिला मान हा बाजाराचा. खोलीस चिकटविलेल्या सवलतीत बाजाराचा नियम आतिथ्याचा वेष घेऊन येतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

३. 'पाहुणा' या शब्दाचा अर्थ

सवलत 'पाहुण्यास' मिळते. तेव्हा झोपावयास न येणारा मनुष्य पाहुणा ठरतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दार्थाचा आहे, आणि त्याचा विचार शब्दार्थाच्या अंगाने करणे योग्य होईल.

इंग्रजीतील 'गेस्ट' हा शब्द व लॅटिनमधील 'होस्टिस' हा शब्द एकाच इंडो-युरोपीय मूळापासून आलेले आहेत. एमिल बांव्हेनिस्त यांनी १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात या मूळाचा विचार करताना परतफेडीच्या बंधनावर भर दिला आहे. देणारा व घेणारा दोघेही परस्परांचे देणे लागतात, ही त्या शब्दकुलाच्या मुळाशी असलेली कल्पना होय. 'हॉटेल' व 'हॉस्पिटल' हे दोन्ही शब्दही लॅटिनमधील आतिथ्यवाचक शब्दांपासूनच निघाले आहेत. आपल्याकडे पाहिल्यास, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीची व्याख्या करताना एक रात्र राहणे हेच लक्षण सांगितले आहे, आणि ज्याची स्थिती नित्य नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्तीही दिली आहे. आधुनिक भाषाशास्त्रास ही व्युत्पत्ती मान्य होईल किंवा न होईल. परंतु परंपरेच्या दृष्टीने रात्रीचा मुक्काम हा आतिथ्याचा गाभा होता, एवढे तीवरून निश्चित दिसते. मराठीतील 'पाहुणा' हा शब्दही घरी येऊन राहणाऱ्याचा आहे. दुकानात येणाऱ्यास आपण पाहुणा म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतो.

थीम पार्कच्या परिभाषेत मात्र हा भेद पुसला गेला आहे. डिस्नेच्या उद्यानांत तिकीट काढून येणारा प्रत्येक मनुष्य 'गेस्ट' म्हणून ओळखला जातो, मग तो तेथे रात्री राहो वा न राहो. हॉटेलच्या पुस्तकात 'पाहुणा' म्हणजे ज्याचे नाव नोंदले गेले व ज्याचे भाडे जमा झाले तो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ येथे शेजारी नांदत आहेत : एक परंपरागत, मुक्कामावर आधारलेला, दुसरा व्यावसायिक, नोंदीवर आधारलेला. मुक्काम न करणाऱ्याने सवलत घेतली म्हणून त्यास दोष देणारा पहिल्या अर्थाचा आधार घेतो; सवलत घेणारा दुसऱ्या अर्थाचा. नियम ज्याने केले त्याने दुसराच अर्थ नियमात वापरला असल्यामुळे, 'तो खरा पाहुणा नाही' एवढ्यावरून कोणताही दोष सिद्ध होत नाही. ज्या कंपनीने गिऱ्हाइकास पाहुणा म्हटले, तिला गिऱ्हाईक गिऱ्हाइकासारखे वागले अशी तक्रार करता येणार नाही.

४. आरक्षण हे वचन आहे काय?

यापुढील आक्षेप असा की, खोली आरक्षित करणारा मनुष्य आपण मुक्कामास येत आहोत असे सूचित करतो, आणि तसा हेतू नसल्यामुळे तो फसवणूक करतो. या आक्षेपाचा विचार करताना जे. एल. ऑस्टिन यांच्या विवेचनाचे साहाय्य होते. १९५५ साली दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी दाखविले की, काही उक्तींनी आपण वर्णन करीत नाही, कृती करतो. 'मी वचन देतो' असे म्हणणे म्हणजे वचन देणेच होय. हेतू नसताना वचन दिले तर वचन दिले जातेच, परंतु त्या कृतीचा दुरुपयोग होतो.

आता आरक्षण ही कोणती कृती आहे, ते पाहू. आरक्षण करणारा भाडे देण्याचे वचन देतो आणि त्या बदल्यात खोली वापरण्याचा अधिकार घेतो. वापरण्याचे बंधन तो स्वीकारीत नाही. आजारामुळे, वाहन चुकल्यामुळे अथवा केवळ लहर फिरल्यामुळे जो खोलीत आला नाही, त्याने वचन मोडले असे हॉटेलही म्हणत नाही. ते भाडे घेते आणि प्रकरण मिटते. तेव्हा येथे दुरुपयोगास पात्र असे वचनच दिलेले नाही. पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलेल्या सूचितार्थाच्या कल्पनेनुसार, खोली घेणारा झोपावयास येणार असा अर्थ ऐकणाऱ्याने गृहीत धरणे स्वाभाविक आहे, हे खरे. परंतु सूचितार्थ काढून टाकता येतो, हे त्याचे ग्राइस यांनीच सांगितलेले लक्षण आहे. 'ही खोली केवळ परवान्यासाठी घेत आहे' असे प्रवाशाने स्वागतकक्षात उघडपणे सांगितले, तर व्यवहार मोडतो काय, ही येथील खरी कसोटी होय. भाडे भरलेले असताना तो मोडण्याचे कारण नाही. जी गोष्ट उघड सांगितली तरी व्यवहार टिकतो, ती न सांगणे ही फसवणूक नव्हे.

याच कसोटीस पुढील दोन प्रकार मात्र उतरत नाहीत. पहिला, येणारच नसलेल्या किंवा खोलीशी काही संबंध नसलेल्या माणसांची नावे केवळ परवाने वाढविण्यासाठी नोंदणे, अथवा ते परवाने पुढे विकणे. दुसरा, आगाऊ निवडीचा हक्क मिळावा म्हणून खोली आरक्षित करणे, निवड उरकून घेणे आणि मुदतीच्या आत आरक्षण रद्द करून पैसे परत घेणे. 'मी निवड करून आरक्षण रद्द करणार आहे' असे आधी सांगितले असता कोणताही व्यवस्थापक निवडीचा हक्क देणार नाही. येथे गुप्तता हा व्यवहाराचा आधारच आहे.

कांट यांनी १७८५ साली मांडलेल्या निकषानेही हाच भेद निघतो. आपल्या वर्तनाचा नियम सर्वांचा नियम झाला तर तो टिकेल काय, असे कांट विचारतात, आणि खोट्या वचनाचा नियम टिकत नाही असे दाखवितात. सर्वांनीच आरक्षण करून, लाभ घेऊन ते रद्द केले, तर आरक्षणास लाभ जोडण्याची पद्धत नष्ट होईल. म्हणजे हा नियम स्वतःचाच पाया उखडतो. उलट सर्वांनी पूर्ण भाडे भरून खोल्या रिकाम्या ठेवल्या, तर भाडे वाढेल किंवा परवाना खोलीपासून वेगळा केला जाईल. परंतु त्या नियमात आत्मविरोध नाही. तो महाग परवाना विकत घेण्याचाच एक आडवळणाचा मार्ग ठरतो.

५. हानी कोणाची?

फसवणूक नसली म्हणजे दोष नाही असे मात्र होत नाही. त्रयस्थाची हानी होत असेल तर प्रामाणिक व्यवहारही सदोष ठरू शकतो.

कंपनीची हानी होते असे म्हणणे कठीण आहे. तिला भाडे मिळते; चादरी, पाणी व वीज वाचते. सामान्य रांगेतील लोकांची हानी होते काय? वेगळ्या रांगेतून जाणारा प्रत्येक मनुष्य सामान्य रांगेचा वेग काही अंशी मंदावितो, हे निर्विवाद आहे. परंतु खोलीत झोपणारा परवानाधारक व न झोपणारा परवानाधारक हे दोघेही तो सारखाच मंदावितात. तेव्हा हा दोष असेल तर तो वेगळी रांग विकण्याच्या पद्धतीचा आहे. खोली रिकामी ठेवण्याने त्यात भर पडत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो. आरक्षित केलेली खोली त्या रात्री अन्यथा रिकामीच राहिली असती, असे मानू. मग कोणाचीही जागा गेली नाही. केवळ वेगळ्या रांगेतील माणसांची संख्या वाढली. उलट ती खोली दुसऱ्या कुटुंबाने घेतलीच असती, असे मानू. मग रांगेत फारसा फरक पडत नाही, कारण त्या कुटुंबासही परवाने मिळालेच असते. परंतु एका कुटुंबाची निवाऱ्याची जागा गेली. हे दोन्ही दोष एकाच खोलीच्या बाबतीत एकदम लागू करता येत नाहीत. यांतील पहिला दोष क्षुल्लक आहे. दुसरा किती गंभीर, हे ज्याची जागा गेली त्यास अन्यत्र निवारा मिळतो किंवा नाही यावर अवलंबून आहे.

हा प्रश्न तात्त्विक नाही. ऑर्लँडो हे समुद्रकिनाऱ्यापासून आत वसलेले, हॉटेलांनी गजबजलेले शहर असल्यामुळे चक्रीवादळाच्या वेळी किनाऱ्यावरील लोक आश्रयासाठी तेथील खोल्या शोधतात. सप्टेंबर २०१७ मधील अर्मा व ऑक्टोबर २०२४ मधील मिल्टन या वादळांच्या वेळी तसेच घडले. मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. तत्पूर्वी त्या किनाऱ्यावरील मोठ्या लोकसंख्येस घरे सोडण्याचे आदेश झाले होते. अशा रात्रीच्या आदल्या दिवसांत जो प्रवासी केवळ परवान्यासाठी खोली धरून ठेवतो आणि स्वतः आप्तांच्या घरी निजतो, त्याचे वर्तन जानेवारीतल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी तीच गोष्ट करणाऱ्याच्या वर्तनासारखे खचितच नाही. दोघांनीही भाडे भरले, दोघांनीही असत्य सांगितले नाही. तरीही पहिल्याच्या कुलूपबंद खोलीची किंमत दुसरा कोणीतरी रस्त्यावर, मोटारीत रात्र काढून मोजतो.

६. नासाडीचा मुद्दा

या भेदाचे तात्त्विक समर्थन जॉन लॉक यांच्या संपत्तिविषयक विवेचनात सापडते. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात त्यांनी मालकीहक्कास दोन मर्यादा घातल्या आहेत : इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, आणि नासण्यापूर्वी आपल्या उपयोगी पडेल तेवढेच घेतले पाहिजे. धान्य काही काळ टिकते, पैसा त्याहूनही अधिक टिकतो, आणि म्हणून पैशाच्या चलनानंतर नासाडीची मर्यादा शिथिल होते, असे लॉक यांचे म्हणणे आहे. परंतु खोलीची रात्र ही अत्यंत नाशवंत वस्तू आहे. आजची रिकामी रात्र उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. ती विकली गेली नाही तर हॉटेलच्या दृष्टीने वाया गेली. विकली गेली पण कोणी झोपले नाही तर समाजाच्या दृष्टीने वाया गेली. भाडे भरल्यामुळे पहिली नासाडी टळते, दुसरी टळत नाही.

येथे भारतीय रेल्वेच्या पद्धतीशी तुलना उद्बोधक ठरेल. आरक्षण असलेला उतारू गाडीत आला नाही तर तिकीट तपासनीस त्याची शायिका प्रतीक्षेतील उतारूस देऊ शकतो. उताराचे पैसे भरलेले असले तरी न वापरलेली जागा रिकामी धावू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. पाहुण्याने संध्याकाळी खोली हॉटेलच्या स्वाधीन करावी आणि परवाना मात्र स्वतःकडे ठेवावा, अशी सोय कंपन्यांनी केली, तर झोपावयाच्या नसलेल्या खोल्या गरजूंस मिळू शकतील. सवलत खोलीपासून अलग करून उघडपणे विकणे हा दुसरा मार्ग आहे. हे मार्ग कंपनीच्या हाती आहेत, म्हणून नासाडीच्या दोषातील मोठा वाटाही तिच्याकडे जातो; कारण जी वस्तू नको ती घेतल्यावाचून जी हवी ती स्वस्त मिळू नये, अशी रचना तिनेच केली आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून या प्रथेतील प्रकारांची प्रतवारी करता येते. पूर्ण भाडे भरून, खरोखर सोबत असलेल्या माणसांचीच नावे नोंदवून, खोली न वापरणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. त्यास फसवणूक म्हणणे हे 'पाहुणा' या शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळे घडते. संबंध नसलेल्यांची नावे नोंदणे, परवाने विकणे, अथवा लाभ घेऊन आरक्षण रद्द करणे हे असत्याचरण आहे. कंपनी श्रीमंत आहे या कारणाने त्याचे स्वरूप बदलत नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी स्थिती येते : व्यवहार प्रामाणिक असूनही, निवाऱ्याची टंचाई असताना खोली कुलूपबंद ठेवणे. येथे दोष असत्याचा नसून दुर्लक्षाचा आहे, आणि तो टाळणे प्रवाशास सहज शक्य असते. शहरातील खोल्या भरत आल्या आहेत असे कळताच स्वागतकक्षात जाऊन, 'आम्हांस ही खोली आज रात्री लागणार नाही, ती कोणास देता आली तर द्या' एवढे सांगणे त्यास पुरेसे आहे. तसे करण्यात परवाना गमवावा लागण्याचा संभव असेल, तर एका दिवसाची रांग आणि एका कुटुंबाची रात्र यांतील वजनदार काय, हे त्याने ठरवावयाचे आहे. आणि त्याचे उत्तर देण्यास कोणत्याही नीतिशास्त्रीय पद्धतीचा आधार घेण्याची आवश्यकता भासू नये.